अहिराणी गाण्यांचे पुस्तक छापून घेताना: खिळे, ऑफसेट, डिजिटल यांतून निवड कशी करावी

खान्देशातील अनेक घरांमध्ये आजही एखादी वही जपून ठेवलेली असते. तिच्यात आजीने खान्देशच्या अहिराणी बोलीत सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला झोक्यावर म्हटली जाणारी गाणी किंवा श्रावणात बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीची गाणी कुणीतरी नातवंडाने वेड्यावाकड्या अक्षरांत उतरवून ठेवलेली असतात. अलीकडे अशा वह्यांऐवजी मोबाइलमधील ध्वनिमुद्रणे घेऊन लोक छापखान्यात येतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, की याचे पुस्तक करायला किती खर्च येईल. तालुक्याच्या गावी जुळारी म्हणून खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवण्यापासून मी या धंद्यात आहे आणि एवढ्या वर्षांनंतर माझे ठाम मत असे झाले आहे, की खर्चाचा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी तीन गोष्टी घरी बसून ठरवाव्यात: प्रती नेमक्या किती हव्यात, त्या किती वर्षे टिकायला हव्यात आणि त्या कोणाच्या हाती पडणार आहेत. छपाईचे तंत्र, कागद आणि बांधणी या तिन्हींची निवड त्या उत्तरांवरून होते.

कोणते तंत्र कशासाठी

छपाईचे नवे तंत्र आले की जुने नाहीसे होते, असा समज आहे; प्रत्यक्षात जुने तंत्र आपली जागा बदलून टिकून राहते. उठावाच्या खिळ्यांवर शाई लावून कागदावर दाब देण्याची पद्धत युरोपात १४५० च्या सुमारास गुटेनबर्गने रुळवली, आणि भारतात गोव्याला १५५६ मध्ये पहिला छापखाना आला. देवनागरीसाठी ही पद्धत अवघड होती, कारण काना, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांची संख्या रोमन लिपीच्या कित्येक पट होत असे. म्हणूनच मराठी छपाईच्या सुरुवातीच्या काळात शिळाछापाला महत्त्व आले. दगडावर तेलकट शाईने लिहायचे, दगड ओला करायचा आणि मग शाईचा रूळ फिरवायचा; पाणी धरलेली जागा शाई नाकारते आणि तेलकट अक्षर ती स्वीकारते. ही युक्ती आलोइस झेनेफेल्डरने १७९६ मध्ये शोधली आणि मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये याच पद्धतीने मराठी पंचांग छापले.

हे सांगण्याचे कारण असे, की आजची ऑफसेट छपाई ही त्या दगडाचीच पुढची पिढी आहे. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली आणि १९०४ च्या सुमारास अमेरिकेत आयरा रुबेल याने प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर व तेथून कागदावर उतरवण्याचे यंत्र केले. परंतु तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे तत्त्व तेच राहिले. आपल्या पुस्तकाची छपाई फिकी, मळकट किंवा पानागणिक वेगवेगळी आली असेल, तर बहुतेक वेळा शाई आणि पाण्याचा तोल बिघडलेला असतो.

डिजिटल छपाईचे मूळ यापेक्षा अगदी वेगळे आहे. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी विद्युतभाराच्या साहाय्याने कोरडी पूड कागदावर ओढून घेऊन पहिली प्रतिमा उमटवली. तिच्यापासून १९५९ मध्ये बाजारात आलेले झेरॉक्स यंत्र, पुढे लेसर प्रिंटर आणि आज जळगाव-धुळ्यातही सहज उपलब्ध असलेली डिजिटल छपाई यंत्रे निघाली. या यंत्राला प्लेट लागत नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत यांचा खर्च जवळजवळ सारखाच असतो, आणि येथेच निवडीचा खरा मुद्दा आहे.

साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचे, म्हणजे डेमी आकाराचे, १६० पानांचे पुस्तक घ्या. अठरा गुणिले तेवीस इंचांच्या तावावर दोन्ही बाजू मिळून सोळा पाने बसतात. त्याला एक फर्मा म्हणतात. १६० पानांचे दहा फर्मे होतात आणि प्रत्येक फर्म्याला दोन याप्रमाणे वीस प्लेटा लागतात. शिवाय प्रत्येक फर्म्याला यंत्र जुळेपर्यंत पन्नास ते शंभर ताव वाया जातात, मग प्रती दोनशे असोत की दोन हजार. हजार प्रती काढल्या, तर तेवीस गुणिले छत्तीस इंचांच्या मोठ्या तावाच्या, ज्यातून वरचे दोन ताव निघतात, सुमारे अकरा रिमा (पाचशे तावांची एक रीम) लागतात आणि त्यांतली फार तर एक वाया जाते. त्याच पुस्तकाच्या दोनशे प्रती ऑफसेटवर काढल्या, तर सुमारे तीन रिमा लागतात आणि त्यांतलीही एक वायाच जाऊ शकते. म्हणून माझ्या अनुभवात साध्या काळ्या छपाईच्या पुस्तकाला तीनशे प्रतींपर्यंत डिजिटल आणि पाचशेच्या पुढे ऑफसेट हे गणित सहसा बरोबर येते. मधल्या संख्येसाठी दोन्हींचे भाव मागवावेत.

येथे मी एक आग्रहाची सूचना करतो. घरगुती गीतसंग्रहासाठी हजार प्रतींचा मोह धरू नये. ऑफसेटवर प्रत स्वस्त पडते या हिशेबाने काढलेल्या हजारांपैकी सातशे प्रती माळ्यावर वाळवीच्या तोंडी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. दीडशे प्रती डिजिटल छापाव्यात, त्या वाचल्या जाऊ द्याव्यात, लोकांनी दाखवलेल्या चुका आणि नव्याने मिळालेल्या ओव्या त्यांत घालाव्यात आणि मगच दुसरी आवृत्ती काढावी. खिळ्यांच्या काळात हे शक्य नव्हते, कारण फर्मा छापून झाला की खिळे सोडवून पुढच्या फर्म्यासाठी वापरावे लागत.

खिळ्यांचे ट्रेडल यंत्र मात्र अजून मोडीत काढण्याजोगे झालेले नाही. पावतीपुस्तकांवर क्रमांक टाकणे, फाडण्यासाठी छिद्ररेषा पाडणे आणि लग्नपत्रिकेचा आकार कापणे ही कामे ते आजही उत्तम करते. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एखादी उठावाची ओळ हवी असेल, तर असे यंत्र असलेला छापखाना शोधावा.

अक्षरजुळणी आणि अहिराणीची अडचण

पुस्तक बिघडते ते बहुतेक वेळा यंत्रावर नव्हे, संगणकावर. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे की जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आहे, हे प्रथम तपासावे. त्याची सोपी परीक्षा अशी, की मूळ फाइलमधला एक परिच्छेद निवडून त्याला दुसरा कोणताही युनिकोड फाँट लावावा. अक्षरे मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. त्यांची रोमन अक्षरे आणि चिन्हे झाली तर तो जुन्या फाँटमधला आहे. जुना मजकूर रूपांतरित करता येतो, परंतु त्या वेळी ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे होते, रफार भलत्या अक्षरावर बसतो आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतला अर्धा र पुष्कळदा नाहीसा होतो. एका छापखान्यात अशा रूपांतरानंतर न वाचताच प्लेटा काढल्या गेल्या आणि संपूर्ण पुस्तकात ‘दुसऱ्या’ हा शब्द चुकीचा छापला गेला. प्रती परत घेणे शक्य नव्हते, आणि ज्या बाईंनी दोन वर्षे खपून ती गाणी गोळा केली होती त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

मजकूर पानांवर मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू केलेली आहे का, हेही विचारावे. इनडिझाइनमध्ये त्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, नाहीतर जोडाक्षरे तुटतात. पहिले नमुनापान मिळाले की त्यात ‘कऱ्हाड, हृदय, उद्ध्वस्त, ट्रॅक्टर, ज्ञानेश्वर, श्रावण, तुकड्या’ हे शब्द टाकून छापून पाहावेत. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे येतात की हिंदी, हे त्याच वेळी ठरवून घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाणित केलेल्या वर्णमालेत मराठी वळणे आहेत, आणि आजच्या चांगल्या फाँटांत भाषा मराठी निवडली की ती आपोआप येतात.

अहिराणीची अडचण याहून नाजूक आहे. अहिराणीत ‘माझा’ला ‘मना’ आणि ‘तुझा’ला ‘तुना’ म्हणतात, ‘मला’ला ‘माले’ म्हणतात आणि पुष्कळ ठिकाणी ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. संगणकातली शुद्धलेखन तपासणी या शब्दांखाली लाल रेघा ओढते आणि आपोआप दुरुस्तीची सोय चालू असेल, तर ते शब्द न सांगता बदलून टाकते. म्हणून ही सोय आधी बंद करावी. प्रमाण मराठीची सवय असलेला मुद्रितशोधकही प्रामाणिकपणे चुका करतो. त्याला ‘मना’ हे मनाचे संबोधन वाटते. यावर उपाय एकच आहे: आपल्या गावच्या बोलीतील दोनेकशे शब्दांची लेखनयादी मजकुरासोबत द्यावी आणि निदान एक प्रूफ, म्हणजे तपासणीसाठी काढलेली प्रत, ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावे. डोळ्याला न दिसलेली चूक गाण्याच्या चालीत लगेच अडखळते. तावडी भागातली, बागलाणातली आणि धुळ्याकडची उच्चारणे एकसारखी करण्याचा प्रयत्न करू नये. ज्या गावात गाणे मिळाले, त्या गावचे नाव गाण्याखाली द्यावे आणि शब्द जसा ऐकला तसा ठेवावा.

प्रूफे तीन वाचावीत. पहिले मजकुरासाठी, दुसरे दुरुस्त्या झाल्या की नाहीत हे पाहण्यासाठी आणि तिसरे केवळ पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका, पानाच्या सुरुवातीला किंवा शेवटी एकट्या पडलेल्या ओळी व छायाचित्रांखालच्या ओळी यांसाठी. तिसऱ्या प्रुफावर तारीख घालून सही केल्याशिवाय छपाईला संमती देऊ नये.

छायाचित्रांबाबत थोडक्यात एवढेच, की व्हॉट्सॲपवरून सामान्य पद्धतीने पाठवलेले चित्र छोटे होऊन येते. ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. छापील आकारात एका इंचाला तीनशे बिंदू हवेत, आणि घरातला जुना फोटो सहाशे बिंदूंनी स्कॅन करून ठेवावा. मजकुराचा काळा रंग केवळ काळ्या शाईचाच असावा. तो चार रंगांच्या मिश्रणातून आला, तर बारीक अक्षरांच्या कडा धूसर होतात.

कागद आणि खान्देशचे हवामान

कागदाचा विचार करताना मला एरंडोलची आठवण हटकून होते. ब्रिटिशकालीन गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की एरंडोल हे एकेकाळी जाड देशी कागदासाठी प्रसिद्ध होते. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरातील जुनी हस्तलिखिते पाहिली, म्हणजे हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेले अक्षर किती काळ टिकते हे ध्यानात येते. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन उडत नाही. ऑफसेटची काळी शाई आणि डिजिटल यंत्रातली काळी पूड यांचा रंगही कार्बनचाच असतो, म्हणून या दोन्ही पद्धतींतली काळी छपाई टिकाऊ असते. घरगुती इंकजेट प्रिंटरची साधी, विरघळलेल्या रंगाची शाई मात्र उन्हाने उडते आणि पाण्याने पसरते. इंकजेटवर काम करायचेच असेल, तर पिगमेंट, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या, शाईची मागणी करावी.

अक्षर टिकले तरी कागद टिकेलच असे नाही. वृत्तपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते आणि ते उजेडात पिवळे पडते. तुरटी व राळ वापरून केलेल्या जुन्या कारखानी कागदात आम्ल असते, आणि तो काही दशकांत तपकिरी होऊन घडीवर तुटतो. म्हणून गीतसंग्रहासाठी ७० किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा), किंचित पिवळसर छटेचा, आम्लरहित मॅपलिथो, म्हणजे चकाकीचा लेप नसलेला, कागद मागावा आणि ‘आम्लरहित’ हा शब्द दरपत्रकात लिहून घ्यावा. चकचकीत आर्ट पेपर गाण्यांच्या पुस्तकाला वापरू नये. रात्री दिव्याखाली तो डोळ्यांवर चमकतो आणि पुस्तक उगाच जड होते.

सांगितलेला कागदच मिळाला का, हे तपासण्याची एक युक्ती देतो. तावाची लांबी आणि रुंदी इंचांत घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्याला जीएसएमने गुणावे आणि ३१०० ने भागावे. आलेला आकडा म्हणजे पाचशे तावांच्या रिमेचे किलोतील वजन. तेवीस गुणिले छत्तीस इंचांच्या ७० जीएसएम कागदाची रीम सुमारे १८.७ किलो भरली पाहिजे. वजनकाटा कोणत्याही धान्याच्या दुकानात मिळतो. रीम सतरा किलोच भरली, तर कागद हलका आहे असे समजावे आणि छपाई सुरू होण्यापूर्वीच बोलावे.

आता खान्देशपुरती खास गोष्ट. गाण्यांचे पुस्तक आखाजीला किंवा कानबाईच्या उत्सवाला प्रकाशित व्हावे, अशी बहुतेकांची इच्छा असते, आणि कागदाच्या दृष्टीने हे दोन्ही काळ वर्षातले सर्वांत वाईट आहेत. कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. सुमारे पन्नास टक्के सापेक्ष आर्द्रतेत तो सरळ राहतो. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तेव्हा तावाच्या कडा आधी सुकून आवळतात, ताव एकमेकांना स्थिर विजेने चिकटतात आणि ऑफसेट यंत्रात दोन-दोन ताव एकदम जातात. डिजिटल यंत्रात तर पूड वितळवण्यासाठी कागद आणखी तापवला जातो, त्यामुळे आधीच कोरडा असलेला ताव वळतो व अडकतो. श्रावणात नेमके उलटे होते: कडा ओलावा घेऊन लाटेसारख्या होतात, शाई वाळायला वेळ लागतो आणि वरच्या तावाच्या पाठीवर खालच्या तावाचे अक्षर उमटते.

यासाठी आखाजीचे पुस्तक माघ महिन्यातच छापून, बांधून तयार ठेवावे. ते जमले नाही, तर रिमांची वेष्टने छपाईच्या दिवसापर्यंत फोडू नयेत, कागद यंत्राच्या खोलीत बंद वेष्टनातच निदान एक दिवस ठेवावा आणि उन्हाळ्यात शक्य असल्यास सकाळी लवकर छपाई करून घ्यावी. खोलीत ओले गोणपाट टांगण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी आहे. कागदाच्या तंतूंची दिशा पुस्तकाच्या कण्याला समांतर असावी, हेही आवर्जून सांगावे. ती आडवी असेल, तर हवेतला ओलावा बदलला की पाने लाटेसारखी होतात आणि पुस्तक सरळ उघडे राहत नाही.

बांधणी

अशा पुस्तकाला फर्मे दोऱ्याने शिवून केलेली जुजबांधणी सर्वोत्तम, कारण गाणे म्हणताना पुस्तक मांडीवर उघडे राहावे लागते. परंतु डिजिटल छपाईत सुटी पाने निघत असतील, तर ती शिवता येत नाहीत आणि कण्याला गरम डिंक लावून चिकटवावी लागतात. हा साधा डिंक उष्णतेने मऊ होतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत मे महिन्यात ठेवलेल्या पुस्तकांची पाने सुटतात ती त्यामुळे. छापखान्यात पीयूआर नावाच्या, उष्णतेला टिकणाऱ्या डिंकाची सोय असेल तर तोच घ्यावा. त्याचा थोडा जास्त खर्च खान्देशातल्या उन्हाळ्यात वसूल होतो. चिकटवलेल्या पुस्तकात आतला समास निदान पाऊण इंच ठेवावा, नाहीतर ओळीची सुरुवात कण्यात जाते.

मुखपृष्ठासाठी केळीच्या खोडाच्या तंतूचा हातकागद वापरता येतो. घड कापल्यावर जी खोडे बांधावर पडून राहतात, त्यांच्यातून मजबूत, लांब तंतू निघतो आणि त्याचा कागद जाड पण लवचिक होतो. अशा कागदावर ऑफसेटपेक्षा स्क्रीन छपाई किंवा खिळ्यांची छपाई चांगली उठते, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. ऊस, केळी, गव्हाचा पेंढा अशा शेतीतून उरणाऱ्या तंतूंचा वाटा कागदात वाढावा असे मला मनापासून वाटते, आणि जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यातून त्याची मागणी आली पाहिजे.

पुढे येणारे बदल आजच कसे वापरावेत

मोठ्या मुद्रणालयांत आता रीळाच्या कागदावर अतिवेगाने छापणारी इंकजेट यंत्रे आहेत आणि मागणी आली की एकच प्रत छापून पाठवण्याची पद्धत रुळली आहे. तिचा लाभ घेण्यासाठी एवढेच करावे, की छपाईनंतर छापखान्याकडून पूर्ण पुस्तकाची पीडीएफ, जुळणीची मूळ फाइल आणि युनिकोड मजकूर या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात. त्या मिळतील, अशी अट दरपत्रकातच घालावी. याच यंत्रांना प्रत्येक प्रतीचा मजकूर बदलता येतो, म्हणून एकाच संग्रहाच्या चोपड्याच्या प्रतींवर चोपड्याचे आणि शिरपूरच्या प्रतींवर शिरपूरचे मनोगत छापणे आता अवघड नाही.

मात्र गाण्यांच्या पुस्तकासाठी सर्वांत मोलाचा बदल क्यूआर कोडचा आहे. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार केला. आपल्याला त्यातून गाण्याची चाल कागदावर आणता येते. प्रत्येक गाण्याशेजारी त्याच्या ध्वनिमुद्रणाकडे नेणारा कोड छापावा. कोड दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा, पांढऱ्या जागेवर काळा असावा आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी. फुकट मिळणारे, मध्यस्थ पत्त्यावरून फिरणारे कोड वापरू नयेत, कारण ती सेवा बंद झाली की पुस्तकातले सगळे कोड मुके होतात. ध्वनिमुद्रणे इंटरनेट अर्काइव्हसारख्या संग्रहात ठेवून त्यांच्या थेट पत्त्यांचे कोड करावेत. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी सर्वांत वरची निवडली, तर कोडाचा सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी तो वाचला जातो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत आणि अर्ज छपाईच्या बराच आधी करावा. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यातील इतर ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवावी लागते. गठ्ठे ताब्यात घेताना प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत पूर्ण उलटून पाहावी. एखादा फर्मा दोनदा आणि दुसरा गायब, असे घडते, आणि पैसे चुकते करण्यापूर्वीच ते सापडले तर छापखाना प्रत बदलून देतो.

ज्या बायांनी गाणी सांगितली, त्यांना प्रत देताना एखाद्या मुलाला सोबत न्यावे आणि त्यांच्याच घरात कोड उघडून पाहावा. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत नेटवर्क पुरेसे मिळत नाही. तेथे सर्व गाणी एका मेमरी कार्डवर भरून ते कार्ड पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या छोट्या कागदी पाकिटात घालून द्यावे.